कोपऱ्याची झडती: एखादी जागा धोक्याची का ठरते, हे कसं शोधायचं आणि तिथं काय बदलायचं

“तो भाग काही चांगला नाही,” असं आपण सहज बोलून जातो. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तिथंच संपतो. पण एवढ्यावरून कुणालाच काही करता येत नाही. त्या भागातला नेमका कोणता कोपरा? किती वाजता? तिथं होतं काय: पाकीट मारलं जातं, गाडी चोरीला जाते, की कुणी मागे लागतं? आणि ते कुणाच्या वाट्याला येतं?

अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहरात पोलिसांची गाडी पाठवावी लागली अशा फोनचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. निम्मे फोन (५०.४ टक्के) शहरातल्या फक्त ३.३ टक्के पत्त्यांवरून आले होते. पुढे सिएटलमध्ये १४ वर्षांच्या नोंदी रस्त्याच्या एकेका तुकड्यानुसार मांडल्या, तेव्हाही तेच दिसलं. साधारण चार-पाच टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे घडत होते, आणि वर्षामागून वर्षं बहुतेक तेच तुकडे पुढे येत होते. बदनाम वस्तीतही बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि प्रतिष्ठित वस्तीतही एखादा जिना वाईट असतो. म्हणून शोध घ्यायचा तो कोपऱ्याचा. वस्तीला नाव ठेवून हाती काही लागत नाही.

रहिवाशांची समिती, शाळा, वसतिगृह, कार्यालय अशा कुणालाही आपल्या परिसराची पाहणी करता यावी, या हेतूने पुढची पद्धत लिहिली आहे. तज्ज्ञ लागत नाही. चार-पाच माणसं, दोन वह्या आणि काही संध्याकाळी पुरतात.

पहिली पायरी: दोन वह्या घाला

एका वहीत काय घडलं ते लिहायचं, दुसरीत काय वाटतं ते. दोन्ही एकत्र केल्या की गोंधळ होतो.

घटनांच्या वहीत तारीख, वार, वेळ, नेमकी जागा आणि काय गेलं किंवा काय झालं एवढंच लिहा. पोलिसांकडे गेलेल्या तक्रारी घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. गाडीचा आरसा फोडला, सायकल नेली, कुणी पाठलाग केला, अशा गोष्टी नोंदवहीपर्यंत पोचतच नाहीत. पहारेकरी, सफाई कर्मचारी आणि रात्रपाळीहून परतणारे यांना विचारा. कार्यालयीन कागदांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

भीतीच्या वहीसाठी प्रश्न जपून विचारा. “इथं सुरक्षित वाटतं का?” याला लोक “हो, तसं ठीक आहे” एवढंच उत्तर देतात. त्याऐवजी विचारा: कोणता रस्ता टाळता? किती वाजल्यानंतर? मग कुठून जाता? मुलीला एकटीला कुठपर्यंत सोडता? उत्तरं कागदावरच्या नकाशात रेघांनी काढून घ्या. दहा-पंधरा जणांचे वळसे एकाच नकाशावर आले की सगळे कोणता तुकडा चुकवून जातात, ते डोळ्यांना दिसतं.

आता दोन्ही वह्या शेजारी ठेवा. जिथं घटनाही आहेत आणि भीतीही आहे, ती जागा उघडच आहे. घटना आहेत पण भीती नाही, ही जोडी सगळ्यांच्या नजरेतून सुटते: भर दिवसा गजबजलेला थांबा, जिथं खिसे कापले जातात; किंवा लख्ख उजेडातलं पार्किंग, जिथून दुचाकी जातात. इथं माणसं गाफील असतात, तेव्हा पहिलं काम सावध करण्याचं.

भीती आहे पण घटना नाहीत, अशा जागी “उगाच घाबरतात लोक” असा शेरा मारायचा मोह होतो. तो आवरा. लोकांनी जायचंच सोडलं असेल तर घटना घडणार कशी? शिवाय बायका आणि म्हातारी माणसं जास्त घाबरतात, पण नोंदलेल्या रस्त्यावरच्या हिंसेत तरुण पुरुष जास्त सापडतात, या विसंगतीवर संशोधकांनी बरीच वर्षं डोकं खाजवलं. पाठलाग, शेरेबाजी, धक्के, टक लावून बघणं यांतलं फारसं काही नोंदवलं जात नाही, हे हिशेबात धरलं की विसंगती बरीचशी विरते. माझं मत स्पष्ट आहे: बाईने एखादा रस्ता टाळला, तर ती नोंद चोरीच्या नोंदीइतकीच वजनदार मानायची.

दुसरी पायरी: एक जागा, एक वेळ, एक प्रकार

यादीत पाच-सहा जागा आल्या तरी एकच निवडा. निवडताना गुन्ह्याचा प्रकार आधी ठरवा, कारण ‘सर्वसाधारण सुरक्षित जागा’ असं काही नसतं. खिसेकापूला गर्दी हवी, घरफोड्याला आडोसा. वाहनचोराला तासन्‌तास कुणी न फिरकणारं पार्किंग हवं. छेड काढणाऱ्याला बाजूला सरकता येणार नाही असा चिंचोळा रस्ता हवा. एकाची अडचण ती दुसऱ्याची सोय. वर्दळ वाढवली तर घरफोडी कमी होईल आणि पाकीटमारी वाढेल, असंही होऊ शकतं.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथं फार उपयोगी पडतं. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी जुळून याव्या लागतात: करू धजणारा माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू किंवा व्यक्ती, आणि राखणीला कुणी नसणं. घटनांच्या वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे या तिन्हींचं एक वाक्य लिहा. “शनिवारी दुपारी, मागच्या बोळातून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, समोरचं दुकान शनिवारी बंद.” अशी आठ-दहा वाक्यं झाली की त्यात एकच दुवा पुन्हा पुन्हा दिसू लागतो. बंद दुकान, सुटलेली पाळी, मोडकं दार. काम तिथंच करायचं असतं.

आणखी एक फरक लक्षात घ्या. काही जागांवर माणसं आपापल्या कामाला येतात आणि गर्दीत चोराला संधी मिळते. स्थानक हे ठळक उदाहरण. काही जागा मात्र चोराच्या माहितीतल्या असतात, तो मुद्दाम तिथं येतो. पहिल्या प्रकारात येणाऱ्यांना सावध करून आणि वस्तू सांभाळण्याची सोय करून भागतं. दुसऱ्या प्रकारात त्या जागेचं नावच मोडावं लागतं, म्हणजे तिथलं आकर्षण काढून घ्यावं लागतं.

तिसरी पायरी: पायी फिरा

पायी पाहणीची रीत १९८९ साली टोरोंटोतल्या मेट्रॅक या संस्थेने बायकांच्या सुरक्षेसाठी रूढ केली. पुढे ती जगभर पसरली. मूळ कल्पना साधी होती: जागेची तज्ज्ञ म्हणजे ती रोज वापरणारी बाई.

गटात निदान दोन बायका, एक वयस्क आणि एक शाळकरी मूल असू द्या. एकदा दिवसा जा, एकदा अंधार पडल्यावर तासाभराने, एकदा शेवटची गाडी सुटते त्या वेळी आणि एकदा सुट्टीच्या दिवशी. फिरताना आपसात बोलू नका, प्रत्येकाने स्वतंत्र टिपायचं. एकाने “इथं भीती वाटते” म्हटलं की बाकीच्यांनाही वाटायला लागते. रस्ता दोन्ही दिशांनी चाला. जाताना जे दिसत नाही ते येताना दिसतं.

दिसतं किती, लपता कुठं येतं, सुटायचं कुठून. बॉनी फिशर आणि जॅक नेसर यांनी १९९२ मध्ये एका विद्यापीठाच्या आवारातल्या भीतीचा अभ्यास करताना याच तीन गोष्टी पाहिल्या. नजर न पोचणारी, लपायला जागा देणारी आणि सुटकेची वाट नसणारी ठिकाणंच लोकांना भीतीदायक वाटत होती. पाहणीच्या कागदावर हे तीन प्रश्न सगळ्यांत वर लिहा.

उदाहरणासाठी एक भुयारी मार्ग घेऊ. त्याच्या तोंडाशी उभे राहा. उतार खाली जाऊन काटकोनात वळतो, म्हणजे पलीकडचं टोक दिसत नाही. आत कोण आहे हे कळण्याआधीच आत जायचं की नाही, ते ठरवावं लागतं. मधला दिवा गेलेला. बाहेरच्या झगझगाटातून आलेल्या डोळ्यांना पहिली काही पावलं काहीच दिसत नाही. भिंतीत पंपासाठी सोडलेला कोनाडा, त्याला झडप नाही. एक माणूस सहज मावतो. वरच्या वाहनांच्या आवाजात हाक बुडते. निम्म्या वाटेत पोचल्यावर पुढे आणि मागे अंतर सारखंच. या जागेत गुन्हा घडलेला असो वा नसो, भीतीची सगळी सामग्री तयार आहे. कोनाडा बुजवणं, वळणाचा कोपरा तिरका कापणं किंवा तिथं आरसा लावणं, दिवे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखे ठेवणं, हे करता येतं. पण बहुतेक वेळा खरा उपाय म्हणजे वर, रस्त्यावरच, सिग्नल असलेलं पादचाऱ्यांसाठीचं क्रॉसिंग देणं. वाहनांचा वेग वाचवायला माणसांना जमिनीखाली ढकलण्याची ही रीत मला कधीच पटलेली नाही.

उजेड. लोक ‘दिवा आहे की नाही’ एवढंच लिहितात. तेवढं पुरत नाही. सोबत्याला दहा-पंधरा पावलांवर उभं करा. त्याचा चेहरा ओळखू येतो का? नुसती आकृतीच दिसत असेल तर उजेड कुचकामी आहे, मग दिवा कितीही प्रखर असो. एकच लख्ख दिवा आणि पुढे काळोख, ही सगळ्यांत वाईट मांडणी. डोळे दिपतात आणि सावल्या आणखी गडद होतात. दिवा रस्त्यावर पडतो की पदपथावर, फांद्या आड येतात का, आणि बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक काय, हे टिपा.

उजेडाचा परिणाम होतो, याचा पुरावा चांगला आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सार्वजनिक गृहवसाहती यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, निवडून तिथं उंच तात्पुरते दिवे लावले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. गंमत म्हणजे पथदिव्यांच्या जुन्या अभ्यासांपैकी काहींमध्ये दिवसाचे गुन्हेही कमी झाले होते. म्हणजे दिवा नुसता उजेड देत नाही, इथं कुणाचं तरी लक्ष आहे असंही सांगतो. मात्र ज्या वाटेला रात्री कुणी जाऊच नये असं वाटतं, ती उजळू नका. उजेड पाहून माणूस तिकडे वळेल आणि पुढे मदतीला कुणी नसेल.

डोळे. रस्त्यावर नजर असेल तर रस्ता सुरक्षित राहतो, हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये सांगितलं आणि तेव्हापासून ते सगळ्यांना पाठ झालं. पण खिडकी म्हणजे नजर नव्हे. न्हाणीघराची दुधी काच, कायम ओढलेले पडदे, आतून कपाट लावलेली भिंत, तळमजल्यावर गाड्या लावायची जागा, यांतून कुणी बघत नाही. निवडलेल्या जागी उभे राहून मोजा: या वेळी ज्या खोलीत माणूस असतो, अशा किती खिडक्या इथं उघडतात? इथून हाक दिली तर किती मजल्यांपर्यंत जाईल? ज्याने पाहिलं, त्याला कुणाला फोन करायचा हे माहीत आहे का? आणि तो करेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. शिकागोतल्या वस्त्यांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात, शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि वेळ पडली तर मध्ये पडण्याची तयारी होती, तिथं हिंसा कमी आढळली. गरिबी वगैरे बाबी हिशेबात धरूनही हे टिकलं. नजर विकत घेता येते, मध्ये पडायची तयारी नाही.

जागा कुणाची. तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा, “इथला दिवा गेला तर कोण बदलतं?” तीन उत्तरं मिळाली किंवा तिघांनी खांदे उडवले, तर ती जागा बेवारस आहे. वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो या ११ मजली ३३ इमारतींच्या वसाहतीत शेकडो जणांनी मिळून वापरायचे जिने, लिफ्ट आणि मार्गिका मोडक्या, घाणीने भरलेल्या होत्या. पण जिथं दोनच कुटुंबांमध्ये दारासमोरचा जिन्याचा एक चौक होता, तो चौक स्वच्छ असे. त्याच १९७२ मध्ये त्या इमारती पाडायला सुरुवात झाली. न्यूमन यांचं निरीक्षण मोलाचं आहे, पण सगळं खापर नकाशावर फोडणं अन्यायाचं होईल. देखभालीला पैसा नव्हता, शहरातून माणसं आणि कामधंदे निघून चालले होते, आणि वंशभेदाने वस्त्या वेगळ्या पाडल्या होत्या. चांगल्या आराखड्यालाही झाडू मारणारा लागतो.

निगा. फुटलेली काच तशीच राहिली की पुढच्या मोडतोडीला निमंत्रण मिळतं, हा १९८२चा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उभ्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, भिंत रंगवून खराब केल्यावर ६९ टक्क्यांनी. पण कागद टाकणं वेगळं आणि लूटमार वेगळी. शिकागोतच १९९९च्या अभ्यासात दिसलं की अस्वच्छता आणि गंभीर गुन्हे यांचा थेट संबंध बराच क्षीण आहे. दोन्हींची मुळं एकच असतात: साचलेली गरिबी आणि तुटलेला शेजार. तेव्हा कचरा जरूर उचला, पण त्या नावाखाली तिथं बसणाऱ्या गरिबांना हुसकावू नका.

निगा राखल्याने काय होतं, याचं माझ्या लेखी सर्वांत भक्कम उदाहरण फिलाडेल्फियाचं आहे. तिथं ५४१ ओसाड भूखंड घेतले आणि यादृच्छिकपणे निवडून त्यांतल्या काहींवर काम केलं: कचरा हटवला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. बस, एवढंच. २०१८ साली निष्कर्ष आले. गरीब वस्त्यांमध्ये अशा भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा सुमारे २९ टक्क्यांनी घटली. लोकांची भीतीही कमी झाली आणि ते घराबाहेर बसू लागले.

चौथी पायरी: उपाय निवडा, स्वस्तातल्यापासून

आधी दुरुस्ती: दिवे, दारं, कुलुपं, मोडकी कुंपणं. मग नजरेची वाट मोकळी करणं. झुडपं दोन-तीन फुटांपेक्षा उंच वाढू देऊ नका आणि झाडांच्या फांद्या सहा-सात फुटांच्या वर ठेवा. मधला पट्टा डोळ्यांसाठी मोकळा. झाड तोडायची गरज फार क्वचित पडते. त्यानंतर वापर: रिकाम्या कोपऱ्याला काहीतरी काम द्या. वाचनालयाची पेटी, बाक, संध्याकाळी उघडं राहणारं दुकान, मुलांचं खेळणं.

घरफोडी झालेली असेल तर घाई करा. जे घर एकदा फुटलं, ते आणि त्याच्या शेजारची घरं पुढचे काही आठवडे जास्त धोक्यात असतात. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरातल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात याच आधारावर काम झालं. फुटलेल्या घराची कुलुपं लगेच बदलली, आजूबाजूच्या मोजक्या घरांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर काढून टाकले. त्या मीटरमध्ये रोकड साठायची, चोर त्यासाठीच यायचे. वसाहतीतल्या घरफोड्या झपाट्याने खाली आल्या.

फाटकं कामाची असतात, पण जागा पाहून. लिव्हरपूलमध्ये घरांच्या मागच्या बोळांना कुलूपबंद फाटकं लावल्यावर घरफोड्या सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. ते बोळ त्या घरांच्याच उपयोगाचे होते. हाच न्याय वाहत्या रस्त्याला लावला, तर शेकडो माणसांना वळसा पडतो आणि जो रस्ता त्यांच्या येण्याजाण्यामुळे राखला जात होता तो सुना पडतो. उंच भिंतीचंही तेच. चोर आत शिरेपर्यंत ती अडवते, शिरल्यावर त्याला लपवते.

कॅमेरे शेवटी. कॅमेऱ्यांवरच्या अभ्यासांचा २००९ मध्ये झालेला आढावा सांगतो की पार्किंगमध्ये गुन्हे निम्म्याने घटले. तिथं बऱ्याचदा जोडीला चांगले दिवेही होते. शहराच्या मध्यभागात आणि वसाहतींमध्ये परिणाम नगण्य होता. बैठकीत पहिला प्रस्ताव कॅमेऱ्याचाच येतो, कारण तो बसवला की काहीतरी केल्यासारखं दिसतं. चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, याची लेखी उत्तरं मिळेपर्यंत थांबा.

“इथं बंद केलं तर पलीकडे सुरू होईल,” असं कुणीतरी म्हणतंच. २००९ मध्येच अशा उपायांच्या १०२ मूल्यमापनांचा आढावा घेतला गेला. गुन्हा शेजारी सरकल्याचं २६ टक्के निरीक्षणांत दिसलं, तर शेजारच्या जागेलाही फायदा झाल्याचं २७ टक्क्यांत. म्हणजे शंका रास्त आहे, पण ती हातपाय गाळायचं कारण नाही. लगतच्या दोन गल्ल्यांचीही नोंद ठेवा, झालं.

पाचवी पायरी: मागणी नेमकी लिहा

“परिसरात अंधार असून नागरिकांत घबराट आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी” या छापाचा अर्ज फायलीत जातो. असा लिहा: “शाळेच्या मागच्या पदपथावर खांब क्र. १४ ते १७ यांपैकी दोन दिवे महिनाभर बंद आहेत. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत क्लासची मुलं इथून जातात. या तुकड्यावर दोन महिन्यांत मोबाइल हिसकावण्याच्या तीन घटना झाल्या. दोन दिवे सुरू करणं आणि खांब १५ जवळच्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटणं, एवढी मागणी आहे. सोबत दिवसाचे आणि रात्रीचे फोटो.” एका अर्जात एकच जागा. ज्याच्याकडे अर्ज जातो त्याला उठून एका माणसाला एक काम सांगता आलं पाहिजे.

सहावी पायरी: पुन्हा मोजा

काम झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी पाव तास उभे राहा आणि येणारे-जाणारे मोजा: किती बायका, किती मुलं, किती म्हातारी माणसं, त्यांतले किती एकटे. हा आकडा कामाआधीही घेऊन ठेवलेला हवा. घटनांचे आकडे छोट्या जागेत इतके कमी असतात की दोन-तीनच्या फरकावरून काही ठरवता येत नाही. एकटी चालणारी माणसं वाढली का, हे लवकर कळतं.

तक्रारी वाढल्या तर दचकू नका. पूर्वी न सांगणारे आता सांगू लागले असतील. घटनांची वही आणि पोलिसांकडच्या नोंदी ताडून पाहिल्या की उलगडा होतो. भीतीचे वळसे पुन्हा काढून घ्या, जुना नकाशा न दाखवता. आणि काहीच हललं नसेल, तर दुसऱ्या पायरीवरची वाक्यं परत वाचा. बहुधा उपाय एका गुन्ह्यावर केलेला असतो आणि जागेला जाचत असतो भलताच.